रबर चांगलं होतं, पुंडलिक

पुंडलिक, परवा तुझा तेरावा झाला. काल सकाळी मी गाडी जॅकवर चढवली आणि मागच्या उजव्या चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानीतला बुश काढला. आत्ता लिहायला बसलोय तर तो माझ्यासमोर दौतीशेजारी पडलाय. मुठीत मावेल एवढा रबराचा तुकडा, मधे आरपार भोक. राजूरच्या घाटात तू मला या तुकड्याबद्दल एकच प्रश्न विचारलास. मी खोटं उत्तर दिलं. ते खोटं घेऊन तू गेलास आणि खरं माझ्याकडे राहिलं. ते आता कुठे नेऊन द्यायचं, कोणाला द्यायचं, मला समजत नाही.

तू म्हणशील, पाटलाचं खोटं, त्यात नवल ते काय! तेही खरंच. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून एक वाघ राजूरचा घाट उतरला होता, ही गोष्ट मी मोताळ्यापासून मलकापूरच्या स्टेशनापर्यंत निदान तीनशे माणसांना सांगितली असेल. तिथले लोक मला विचारत, पाटील, वाघानं काही केलं नाही का? मी सांगे, केलं ना, वळणावर हॉर्न वाजवला. आणि तू गाडीखालून, नुसते पाय बाहेर ठेवून, विचारायचास, "किती हात होता म्हणता?"

"नऊ हात."

"शेपटी धरून का सोडून?"

"धरून, धरून."

"मंग ठीक हाये. सोडून नऊ असता तर दार लागलं नसतं."

लोकांची हसून पुरेवाट व्हायची. मला उभ्या आयुष्यात तू कधी खोटं पाडलं नाहीस. उलट माझ्या थापेला माप लावून द्यायचास. थाप जमिनीवर नीट उभी राहील इतके तिचे नट-बोल्ट तू बघायचास. वऱ्हाडात माझ्याइतका थापाड्या दुसरा नाही हे मी स्वतःच सांगतो, पण त्यातली निम्मी कारागिरी तुझी होती हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

आपला एक कायदा होता. उभा असलास की तू मला 'पाटील, तुमी' म्हणायचास. एकाच शाळेत, एकाच गुरुजींच्या छड्या खाल्ल्या आपण, पण चौथीनंतर तू मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगात इंजिनाला तेल घालायला गेलास आणि मी घरी बसून पाटील झालो. मग चारचौघांत 'तुमी' आलंच. पण एकदा का तू पाठीवर पडून गाडीखाली सरकलास, की खालून आवाज यायचा, "अबे, पाना दे. तो नाई बे, मोठा. डोळे हायेत का बटनं?" गावाला वाटायचं, उन्हात मिस्त्रीचं डोकं फिरतं. मला मात्र ते 'अबे' इतकं गोड लागायचं, की चांगल्या चालत्या गाडीचे दोन-चार नट मी स्वतः ढिले करून ठेवत असे आणि तुला निरोप पाठवत असे. आता तर तू रागावायलाही नाहीस, म्हणून सांगून टाकतो.

ती गाडी नागपूरला बदलून गेलेल्या एका गोऱ्या साहेबाची. गाडी देताना साहेब बॉनेटला मिठी मारून रडला, असं मी सांगत असे. तू म्हणालास, "रडला असंल. सुटलो एकदाचा म्हणून." तुझं खरं ठरलं. वर्षभरात मागून आवाज यायला लागला. खड्डा आला की टक्. वळण आलं की टक् टक्. मी लोकांना सांगितलं की साहेबाचं भूत डिकीत बसून काठी आपटतं. तू आलास, खाली सरकलास, कमानीच्या टोकाला जो गोल डोळा असतो तिथे पहार घालून जरासं रेटलंस. बोल्ट डोळ्यात इकडून तिकडे हलला, तोंडात ढिला झालेला दात हलावा तसा.

"रबर गेलं," तू म्हणालास.

"लोखंडाच्या कमानीत रबर कायले पायजे?"

"तुले बायको कायले पायजे? लोखंड लोखंडावर घासलं तर घर टिकते का बे?"

आणि मग तू बोटाला काळं चिकट काहीतरी लागलेलं दाखवलंस. कमान कुरकुरते म्हणून त्या रबराला मी वर्षभर इंजिनाचं काळं तेल पाजत होतो. रबर फुगून पुरीसारखं झालं होतं, हात लावला की चिखल. "याले तेल कोनं पाजलं?" तू विचारलंस. मी म्हणालो, "ड्रायव्हरनं." तू खालून बाहेर आलास, उभा राहिलास, धोतर झटकलंस आणि फार अदबीनं विचारलंस, "कोन हायेत पाटील तुमचे ड्रायव्हर?" मग परत खाली जाऊन, "अबे, तूच ना बे ड्रायव्हर!"

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर, टायर परवान्यावर, आणि रबर तर सगळं फौजेत भरती झालेलं. नवीन बुश मुंबईत मिळेना तिथे मोताळ्यात कुठला! मी गाडी शेडमध्ये लावून बैलगाडी काढली. आणि चार दिवसांनी तू डोक्यावर काळी शिळा घेऊन आलास. जिनिंगच्या मागे एक जुनी लॉरी पडली होती, पहिल्या लढाईच्या वेळची, तिच्यातून बाभूळ उगवली होती. तिचे टायर भरीव होते, हवेचे नव्हेत, नुसतं सगळं रबर. त्यातला एक टायर करवतीनं कापून तू आणला होतास. मी लोकांना सांगितलं की तो तुकडा कापताना त्यातून पंचवीस वर्षांपूर्वीची धूळ निघाली आणि मिस्त्रीला तीन दिवस शिंका आल्या. खरं म्हणजे एकही शिंक आली नव्हती. तू किती जपून कापलं होतंस! लोखंडी नळीच्या टोकाला धार लावलीस, ती जिनिंगच्या लेथवर फिरवलीस, वरून धुण्याच्या साबणाचं पाणी सोडलंस, आणि रबराच्या शिळेतून गोल काकडीसारखे तुकडे बाहेर आले. प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून बघायचास. एकात मोहरीएवढा बुडबुडा दिसला तर तो बाजूला फेकलास. मी म्हणालो, "अरे, एवढ्याशा बुडबुड्यानं काय होते?" तू म्हणालास, "गाडीत तू एकटा नसते बे. पोरीबाळी असतात."

हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. तुला कळावं म्हणून सांगतो.

बुश बसवायचीही तुझी रीत होती, आणि सगळं पुढचं त्या रीतीपायी घडलं. गाडी जॅकवर उचलायची, जुनं काढायचं, नवं रबर साबण लावून डोळ्यात दाबायचं, त्याच्या भोकात लोखंडी नळी आणि नळीत बोल्ट घालायचा. पण कसायचा नाही. नट नुसता हातानं फिरवून ठेवायचा. मग गाडी खाली उतरवायची, तिच्या चारी चाकांवर उभी करायची, आत रोज बसतात तेवढी माणसं बसवायची आणि मग, ओझं अंगावर असताना, खाली सरकून बोल्ट कसायचा.

"हवेतच कसून टाक ना," मी म्हणालो होतो. "खाली उतरवल्यावर जागा कोठी राह्यते?"

"बोल्ट कसला की आतली नळी जागच्या जागी गच्च होते. मंग कमान हालली की रबर फिरत नाई, पिळते. समजलं का? तू हवेत कसलं आन मंग गाडी खाली उतरवली, तर रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राह्यते. रात्रंदिस. रात्रभर मान मुरगाळून झोप आन सकाळी उठून पाह्य काय होते ते."

"म्हणजे रबरालेही झोप लागते?"

"तुह्यासारखी बडबड करनाऱ्याजवळ कोनालेच लागत नाई. जाय, आत बस."

तेच माझं काम. मी आत बसायचं. मी चार मणांचा (साडेतीन म्हण पाहिजे तर, शेपटी सोडून), मागच्या सीटवर सरकीचं एक पोतं, आणि खाली तू. वर माझं तोंड सुरू झालं की गाडी हलायची, म्हणून खालून हुकूम यायचा, "तोंड बंद!" सगळ्या मोताळा तालुक्यात मला गप्प बसवणारा तू एकटा माणूस. मी श्वास धरून बसायचो, खालून पान्याची कर्र कर्र यायची, आणि शेवटी, "हां. सोड आता." तेवढ्या वेळात सुचलेल्या थापा मी पुढे महिनाभर पुरवून वापरत असे.

डावी कमान तू अशी केलीस. उजवी दुसऱ्या दिवशी करायची होती. त्याच संध्याकाळी बीबी गावाहून निरोप आला, तुझ्या लेकीचं बाळंतपण अडलंय. तू तसाच निघालास. उजव्या बाजूचे बुश ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलेस आणि उभ्यानं म्हणालास, "पाटील, मी येईस्तोवर थांबा. नाईच थांबवलं तर एक करा. जमिनीवर कसा."

मी थांबलो. सगळे मिळून सहा दिवस. मग शेगावला भाचीची सोयरीक ठरवायला जायचं निघालं आणि तिथे बैलगाडीतून उतरणं माझ्या नाकाला सोसेना. मी स्वतः हात घातला. जुनं काढलं, साबण लावून नवं दाबलं, बोल्ट घातले, गाडी खाली उतरवली. इथपर्यंत तू असतास तर पाठ थोपटली असतीस. मग कसायला म्हणून मी गाडीखाली सरकलो. डोकं गेलं, छाती गेली, पोट अडकलं. बायकोनं आणि दोघा गड्यांनी पाय धरून मला बाहेर ओढलं. (गावात मी सांगितलं की बारा जण लागले.) मग काय करणार? मी गाडी परत जॅकवर घेतली. वर हवेत, मोकळ्या जागेत, आरामात बोल्ट कसले. चांगले गच्च कसले. शेगावच्या पाहुण्यांना सांगितलं की अख्खी गाडी मी डाव्या हातानं दुरुस्त केली, कारण उजव्या हातात जेवण होतं.

तू महिन्यानं आलास. नातू चांगला झाला होता आणि तू अर्धा झाला होतास. "बीबीचं पानी मानवलं नाई," तू म्हणालास. पोटावर हात ठेवून चालायला लागलास. त्यानंतर तू गाडीखाली कधी आला नाहीस आणि मला कोणी अबे म्हटलं नाही. दोन महिन्यांनी उजव्या बाजूनं परत आवाज सुरू झाला. टक्. मी तुला सांगितलं नाही. तू येत होतास तेव्हा मी गाडी शेडमधून काढायचीच नाही, अशी लबाडी केली. वाटलं, बरा झालास की एकदाच सांगू आणि एकदाच शिव्या खाऊ.

मग एका सकाळी तुझ्या घरून अनसूया वहिनींचा निरोप आला, पोट सहन होत नाही, बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या, तेव्हा मी तीच गाडी काढली, कारण दुसरी नव्हती. तू मागच्या सीटवर आडवा, डोकं वहिनींच्या मांडीवर, गुडघे पोटाशी. घाट लागला. तुला सांगतो पुंडलिक, त्या घाटाच्या वळणांवर मी इतक्या गोष्टी रचल्या, पण त्या दिवशी मला समोर रस्त्याखेरीज काही सुचलं नाही. मी बैलाच्या चालीनं गाडी चालवली. तरी प्रत्येक वळणाला टक्, आणि प्रत्येक टकला तुझ्या तोंडून अर्धवट 'आई'. तिसऱ्या का चौथ्या वळणावर तू डोळे मिटूनच म्हणालास,

"उजव्या अंगाचा मागचा."

मी गाडी आणखी हळू केली.

"कोठी कसला होता? हवेत का जमिनीवर?"

खरं सांगायला एक शब्द लागत होता. मी दुसरा सांगितला. "जमिनीवर."

पुढचं वळण गेलं. मग म्हणालास, "हो का, पाटील. मंग रबरच खराब निघालं. माही नजर चुकली. तुमचा दोष नाई."

पाटील. तुमचा. आडवा पडून.

आपला कायदा तू तिथे मोडलास, का तुला दुखण्यात भान नव्हतं, हे मी तेव्हापासून विचारतोय. माझी थाप तू ओळखलीस आणि मला दूर उभं केलंस? का खरंच मानलंस, की तू उजेडाकडे धरून बघितलेलं रबर तुला फसवून गेलं? मागे वळून तुझं तोंड बघायची हिंमत झाली नाही. घाट आहे, समोर बघितलं पाहिजे, असं मी स्वतःला सांगितलं. तीही थापच.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की आतड्याचं दुखणं जुनं होतं, रस्त्यानं त्यात काही वाढवलं नाही आणि काही घटवलंही नाही. त्यांनी खरंच सांगितलं असेल. पण त्या टकनं जे दुखलं ते दुखलंच ना? ते कोणत्या डॉक्टरांच्या मापात बसतं?

दवाखान्यात तू नऊ दिवस होतास. रोज मी येत होतो. रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. आणि तुझ्या खाटेजवळ बसलो की माझं तोंड आपोआप वाघाकडे वळायचं. तू पोट धरून हसायचास आणि हसल्यानं दुखायचं, म्हणून मी थांबायचो, तर म्हणायचास, "सांगा, सांगा." माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या थापा मी त्या नऊ दिवसांत मारल्या. एवढी मोठी भिंत मी आजवर कधी बांधली नव्हती.

आणि त्याच्याहून वाईट काम मी बाहेर केलं. मोताळ्याच्या बाजारात प्रवाशांची सर्व्हिस मोटर चालवणारे किसनराव भेटले. "पाटील, गाडी काऊन ठोकून राह्यली?" मी सहज, पानाला चुना लावता लावता म्हणालो, "पुंडलिकचं रबर. लढाईतलं रबर, किती टिकते?" किसनरावांच्या मोटरलाही तुझेच बुश होते. दोन दिवसांत त्यांनी ते काढून उकिरड्यावर टाकले आणि लाकडाचे ठोकळे बसवले. ही बातमी तुझ्यापर्यंत दवाखान्यात कोणी आणली मला माहीत नाही. मी आलो तेव्हा तू म्हणालास, "किसनरावनं चांगलं केलं. माणसं बसतात त्यात." आणि वहिनींना माझ्यादेखत सांगितलंस, "घरी उरलेलं रबर हाये ते फेकून दे. कोनाच्या गाडीले लागलं नाई पायजे." मी तिथेच होतो. माझ्या तोंडात पान होतं. मी पान चावत राहिलो.

दहाव्या दिवशी मी एक नवी गोष्ट तयार करून आलो होतो. वाघ परत आला आणि त्यानं तुझी चौकशी केली, अशी. दारात वहिनी बसल्या होत्या. ती गोष्ट अजून कोणाला सांगितली नाही.

काल मी दोन्ही बाजू काढल्या. डावीकडचा तुझा बुश जसा बसवलास तसा. साबण सुद्धा कुठे कुठे पांढरा दिसला. नख रोवलं तर परत उसळून आला. उजवीकडचा, माझा, आतून पिळासारखा फाटलेला. धुणं पिळताना कपडा फाटावा तसा, गोल, तिरका, एका बाजूनं. त्याच टायरचं रबर, त्याच नळीनं कापलेलं, त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर. बुडबुडा नाही, खोट नाही. मी सगळीकडून उजेडाकडे धरून बघितलं, तू बघायचास तसं. तुझी नजर चुकली नव्हती.

दोन्ही बुश खिशात घालून मी तसाच बाजारात गेलो. चहाच्या दुकानात किसनराव आणि दहा-बारा जण होते. बाकावर दोन्ही ठेवले आणि सांगितलं, हा पुंडलिकनं जमिनीवर कसलेला, हा मी हवेत कसलेला. चूक माझी होती. रबर चांगलं होतं. त्याला मी घाटात खोटं सांगितलं आणि तुम्हालाही खोटं सांगितलं.

सगळे बाकावर वाकले. मग किसनरावांनी हळूच विचारलं, "आन पाटील, तवा वाघ कोठी बसला होता? मांगं का समोर?"

सगळे हसले. प्रेमानं हसले, पुंडलिक. मी हात जोडून म्हणालो, "अरे राजेहो, खरं सांगून राह्यलो." तर एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "हाव, हाव. मेलेल्या दोस्ताचं नाव राहावं म्हणून पाटील सोताच्या अंगावर घेऊन राह्यले. असा दोस्त पायजे." माझी पाठ थोपटली लोकांनी! नऊ हाती वाघ खरा मानला त्यांनी आणि बोटभर रबर मानलं नाही. आता मला मोठ्या मनाचा म्हणतात. मी बुश उचलले आणि घरी आलो. मी कितीही ओरडलो तरी ते नुसते मान हलवणार, आणि जितका ओरडेन तितका मी थोर ठरणार. या गाठीतून मला कोण सोडवणार?

आज सकाळी अनसूया वहिनी आल्या. पदराखाली डबा होता. त्यात तू कापून ठेवलेले चार बुश, साबणाच्या फडक्यात. "फेकवले नाई गेले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याईच्या हातचे होते."

मी अंगणात खड्डा खणायला घेतला. गड्यांना हात लावू दिला नाही. गाडीची चाकं दोन्ही काठांवर राहतील आणि मधे माझं पोट मावेल एवढा. किती वेळ लागला सांगू? दोन घंटे. नुसते दोन घंटे, पुंडलिक. शेगावला जायच्या दिवशी मी एवढं खणलं असतं तर. इथे वाढवून सांगायला काही नाही. खड्डा तेवढाच होता.

नवे बुश दाबले, बोल्ट हातानं फिरवले, गाडी खाली उतरवली. मी खड्ड्यात उतरून पाठीवर पडलो. आणि मग लक्षात आलं, की मी खाली आहे तर वर कोणीच नाही. नेहमी मी वर असायचो. वहिनींनी विचारलं नाही. दार उघडून त्या आत जाऊन बसल्या, मागे, उजव्या अंगाला, त्या दिवशी बसल्या होत्या तिथेच. सरकीचं पोतंही आधीच ठेवलं होतं. "तोंड बंद ठेवा लागते ना?" एवढंच बोलल्या.

तोंड मलाच बंद ठेवता आलं नाही. पहिला बोल्ट अर्धा कसला आणि खालूनच सांगून टाकलं. हवेत कसले होते, वहिनी. घाटात खोटं बोललो. रबर चांगलं होतं.

गाडी तसूभर हलली नाही. मग वहिनी म्हणाल्या, "डोक्शं माह्या मांडीवर होतं त्याईचं. तुमी जमिनीवर म्हटलं ना, तवा हसले ते. तुमच्या वाघाले हसत ना, तसे."

माझ्या हातातून पाना पडला.

"मंग रबर फेकाले काऊन सांगितलं त्यानं?" मी खालून विचारलं.

"ते मले नाई ठाऊक, भाऊजी." मग म्हणाल्या, "हे त्याईलेच इचाराले पायजे होतं तुमी. नऊ दिवस होते."

नऊ दिवस होते. तुला माहीत नव्हतं तर तू स्वतःच्या हातावरचा विश्वास गमावून गेलास. आणि माहीत होतं, तर माझी थाप उभी राहावी म्हणून तू तिला माप लावून दिलंस, नेहमीसारखं, आणि या वेळी त्या मापात तुझं नाव घातलंस. यातलं कोणतं घेऊ? मला दोन्ही पेलत नाहीत. तुला विचारायला जिथे जावं तिथली वाट कोणत्याही गाडीला ठाऊक नाही.

मी पाना शोधला. चारी बोल्ट कसले, जमिनीवर, ओझं अंगावर असताना, कर्र कर्र, तुझ्यासारखे. "झालं का?" वहिनींनी वरून विचारलं. मी हो म्हणालो नाही. बोल्ट कधीचेच कसून झाले होते. मी खड्ड्यात पाठीवर पडून तुझ्या रबराकडे बघत होतो. वर आलो की मला सगळे पाटीलच म्हणणार होते. खाली, आडवं पडल्यावर, आपला कायदा वेगळा होता. जरा वेळ तिथेच थांबलो. म्हटलं, कोणी तरी अबे म्हणेल.